हातात राहिलेले कप्पे

"माझ्या अब्बांनी एका मुलाला लबाड ठरवून कामावरून काढलंय," खुर्चीत बसायच्या आधीच सुमैरा मुलाणी म्हणाली. "तो लबाड असेल तर असू दे. पण लबाडी केली कशी, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नाही. ते कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

विनोदिनी केळकरांनी हातातला चष्मा डोळ्यांवर चढवला. सरकारी प्रयोगशाळेत बावीस वर्षं कागद आणि यंत्रं तपासून झाल्यावर त्यांनी साताऱ्यात खाजगी तपासाची कचेरी काढली होती. राजस हा त्यांचा सहायक. संगणकाची कामं तोच बघायचा. हुशार होता, पण उत्तर सापडायच्या आधी ते बोलून मोकळं व्हायची त्याला सवय होती.

सुमैराचं लक्ष त्याच्याकडे गेलं आणि ती चकित झाली. "राजसदादा, तुम्ही इथे?"

चार वर्षांपूर्वी राजस प्रोग्राम लिहिण्याची सुटी कामं करायचा. तेव्हा सुमैराच्या वडिलांच्या, रसूलचाचांच्या, कुपवाडच्या दुकानात त्यानं पंधरा दिवस काम केलं होतं. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती बाहेर काढून द्यायची, हा त्या दुकानाचा धंदा.

"त्यांचा दुरुस्तीचा प्रोग्राम मराठीतून प्रश्न विचारतो तो माझ्यामुळे, ताई," राजसनं विनोदिनीबाईंना जरा ऐटीतच सांगितलं. "बाकी मग बारीकसारीक."

सुमैरानं हकिगत सांगितली ती अशी. गेल्या रविवारी तांबडमाळला बैलगाड्यांच्या शर्यतीचं मैदान झालं. फायनलला दोन गाडे एकदम रेषेवर आले. एक हंबीरराव पाटलांचा, दुसरा राहील शिकलगारांचा. पंचांचं एकमत होईना. रेषेवर कॅमेरा होता, त्यामुळे निकाल चित्रीकरण बघूनच द्यायचा असं ठरलं. तेवढ्यात गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला आणि चित्रीकरणाची डिस्क टेबलावरून खाली पडली.

कमिटीचे सेक्रेटरी दिग्विजय माने सोमवारी डिस्क घेऊन कुपवाडला आले. दुकानातल्या तौसीफनं तिची जशीच्या तशी नक्कल काढून ठेवली, तिच्यावरून दुसऱ्या डिस्कवर आणखी एक नक्कल घेतली, त्या नकलेवर दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला आणि बुधवारी ती डिस्क मोहोरबंद पाकिटात घालून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडमाळात दहा माणसांसमोर पाकीट फोडलं. पहिल्या फेऱ्यांचा ‘गट’ हा फोल्डर ठीक होता, ‘सेमी’ही ठीक होता. ‘फायनल’ उघडला तर त्यात शर्यत नव्हती. जेवणाच्या मंडपातल्या पंगती होत्या.

"आणि तौसीफ हा राहील शिकलगारांचा सख्खा भाचा," सुमैरा म्हणाली. "गुरुवारीच अब्बांनी मूळ नकलेवरून नवी नक्कल काढली आणि तोच प्रोग्राम स्वतः चालवला. फायनल व्यवस्थित निघाली. हंबीररावांचा गाडा वीतभर पुढे आहे."

"मग यात शोधायचं काय?" राजस म्हणाला. "मामा हरलेला दिसला, भाच्यानं चित्रीकरण उडवलं. उघड आहे."

विनोदिनीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. कमिटी पोलिसांत कधी जाणार आहे, एवढंच त्यांनी विचारलं. मंगळवारी, सुमैरानं सांगितलं. तौसीफ तेवीस वर्षांचा होता. गुन्हा नोंदवला गेला असता तर कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्याला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

रविवारी सकाळी दोघं कुपवाडला पोचले.

दुकान वसाहतीच्या मागच्या अंगाला होतं. आत निळ्या ट्रेंची मांडणी, आणि ट्रेच्या कडांना कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे लावलेले. विनोदिनीबाईंनी त्याबद्दल विचारलं. रसूलचाचा मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. ट्रेमधल्या कामाला जो हात घालतो तो आपला चिमटा लावतो, असं त्यांनी सांगितलं. हिरवा सुमैराचा, पिवळा तौसीफचा, लाल त्यांचा स्वतःचा. काम संपलं की ज्यानं त्यानं आपला चिमटा काढायचा. एकही चिमटा उरला नाही की सुमैरा तो ट्रे पुसते आणि दुसऱ्याच्या कामाला देते.

"दुसऱ्याच्या चिमट्याला हात लावलेला आमच्यात चालत न्हाई," चाचा म्हणाले. मांडणीवर आता पिवळा चिमटा एकही नव्हता. त्यांची नजर तिकडे गेली आणि त्यांनी मान फिरवली.

दिग्विजय मानेही मोटारसायकलवरून आले होते. बुधवारची रात्र पाकीट त्यांच्या घरी होतं. त्याबद्दल छेडल्यावर ते उखडले.

"बाई, माझा पाव्हणा ना ह्या गाड्यात, ना त्या गाड्यात. मोहोर धा जणांनी बघितलीय. आता माझ्यावरच घालताय व्हय?"

विनोदिनीबाई शांतपणे दुकानाचं रजिस्टर चाळत होत्या. प्रोग्राम संपला की तो एक रिपोर्ट छापतो आणि तो रजिस्टरला चिकटवायचा, अशी दुकानाची पद्धत. बुधवारच्या रिपोर्टावर वेळ होती चार वाजून बारा मिनिटं. मग त्यांनी राजसला मान्यांनी परत आणलेल्या डिस्कवर शेवटचं काही कधी लिहिलं गेलं ते बघायला सांगितलं. तिथेही चार बाराच होते.

"म्हणजे त्यानंतर डिस्कला कुणीही हात लावलेला नाही," त्या म्हणाल्या. "माने, तुम्ही सुटलात. सुमैरा, तूही."

"आणि तौसीफ अडकला," राजस म्हणाला. "प्रोग्राम चालू असतानाच त्यानं केलं."

"काय केलं?"

राजसनं प्रोग्रामची रीत सांगितली. प्रोग्राम एकेक फोल्डर घेतो, त्याची यादी तपासतो, आणि मोडकी नोंद दिसली की विचारतो, ‘ही नोंद चुकीची दिसते. दुरुस्त करू का?’ माणसानं फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं.

"‘इथं पंगतीची यादी लिही’ असं म्हणायची सोय त्यात आहे का?" बाईंनी विचारलं. राजसला नाही म्हणावं लागलं.

समोरच्या भिंतीवर चाचांच्या अक्षरात एक पाटी होती: ‘कळत नसेल तर नाही म्हणा.’ तुम्ही गुरुवारी प्रश्नांना काय उत्तरं दिलीत, असं बाईंनी चाचांना विचारलं. चाचा ओशाळले. डोकं तापलेलं होतं, सगळ्याला एकदम ‘हो’ म्हणून टाकलं, असं ते म्हणाले.

तौसीफच्या रिपोर्टात उत्तरं एकाखाली एक छापलेली होती. ‘गट’मध्ये पाच प्रश्न, त्यांपैकी एकाला ‘नाही’. ‘सेमी’मध्ये दोन, एकाला ‘नाही’. ‘फायनल’मध्ये तीन, तिन्हींना ‘नाही’. त्यानंतर ‘मंडप’, तिथे सगळ्यांना ‘हो’. सगळ्यात खाली एक ओळ होती: ‘हातात राहिलेले कप्पे: ०’.

"ही ओळ कशाची?"

"प्रोग्राम डिस्कवरच्या याद्या स्मरणातल्या कप्प्यांत आणून ठेवतो," सुमैरानं सांगितलं. "काम झाल्यावर सगळे कप्पे परत दिले पाहिजेत. दिले की शून्य येतं. चार वर्षं शून्यच येतंय."

"त्याआधी?"

"त्याआधी कधी एक यायचा, कधी दोन, कधी तीन. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय राहिलंय आमचं तुमच्या हातात? मग राजसदादांनी ते बरं करून दिलं."

राजस हसला. ते आपण विसरूनच गेलो होतो, असं म्हणाला.

बाईंनी चार वर्षांपूर्वीची रजिस्टरं मागवली आणि अर्धा तास त्यांतले जुने रिपोर्ट वहीत उतरवत बसल्या. मग राजसला त्यांनी काम नेमून दिलं. मूळ नकलेवरून पुन्हा नक्कल काढायची आणि प्रोग्राम पुन्हापुन्हा चालवायचा, दर वेळी उत्तरं बदलून. त्या स्वतः मान्यांच्या मागे मोटारसायकलवर बसून तौसीफला भेटायला त्याच्या गावी, तांबडमाळला, गेल्या.

राजसनं आधी सगळ्याला ‘हो’ म्हटलं. फायनल नीट निघाली. मग फायनलमधल्या पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ आणि उरलेल्यांना ‘हो’. तरीही नीट. प्रोग्राम निर्दोष आहे असं त्यानं सुमैराला सांगून टाकलं. तिनं चहा ठेवला आणि म्हणाली, "तौसीफनं एकच नाही म्हटलं नव्हतं, तीन म्हटली होती."

त्यानं तिन्हींना ‘नाही’ म्हटलं. प्रोग्राम संपला. ‘फायनल’ उघडला. केळीच्या पानांवर वाढपी भात वाढत होते.

राजसचा चहा तसाच राहिला. त्यानं प्रोग्रामचा मजकूर पडद्यावर काढला आणि ‘नाही’चा रस्ता ओळीओळीनं वाचू लागला. एका ओळीपाशी तो थांबला. खालची ओळ वाचली, आणि पुन्हा वरची. सुमैरा पाठमोरी होती, तरी त्यानं लॅपटॉप मिटला.

दुपारी बाईंचा फोन आला. काही निघालं का, त्यांनी विचारलं.

"अजून बघतोय, ताई," राजस म्हणाला.

मग त्या म्हणाल्या, "बरं."

त्या रात्री दोघं सांगलीत एका लॉजवर उतरले. जेवताना बाईंनी तौसीफची भेट सांगितली. पोरगा ओसरीवर गुडघे उराशी घेऊन बसला होता. ‘फायनल’मध्ये सगळ्याला नाही का म्हटलंस, असं त्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मामाची शर्यत हुती, बाई. म्हटलं, त्या फोल्डरला आपला हातच नको लागाय. उद्या कोन म्हनंल, पोरानं कायतरी केलं." एवढं सांगून त्या भाकरी मोडू लागल्या. राजसनं ताट बाजूला सारलं. पुढे बोलायला त्याला तीनदा संधी होती. बिल येईपर्यंत तिन्ही निघून गेल्या.

सोमवारी सकाळी बाईंनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. चाचा आले, सुमैरा आली, माने आले. तौसीफ दारातच उभा राहिला. आत ये असं त्याला कुणी म्हटलं नाही, म्हणून बाईंनी स्वतः जाऊन त्याला आत आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

"मला पहिल्यापासून एक गोष्ट खटकत होती," त्या म्हणाल्या. "ज्याला चित्रीकरण नाहीसं करायचंय, त्यानं जागा रिकामी सोडली असती. इथे ‘फायनल’च्या जागी ‘मंडप’ची यादी आली. आणि मंडप कुठला, तर प्रोग्रामनं फायनलनंतर लगेच हातात घेतलेला फोल्डर. माणसाला मंडपच का सुचावा? यंत्राला मात्र तसं कारण असू शकतं."

त्यांनी मांडणीवरचा एक रिकामा ट्रे टेबलावर घेतला.

"प्रोग्रामच्या पोटात असेच ट्रे आहेत. त्यांनाच तुम्ही कप्पे म्हणता. फायनलची यादी या ट्रेमध्ये आली. तपासणाऱ्या भागानं आपला चिमटा लावला." त्यांनी लाल चिमटा लावला. "पहिल्या प्रश्नाला तौसीफ नाही म्हणाला. मग प्रोग्रामचा दुसरा भाग म्हणतो, या फोल्डरात काहीतरी राहून गेलंय, मी हा लक्षात ठेवतो. तो आपला चिमटा लावतो." त्यांनी हिरवा लावला. "फोल्डरामागे एकच. त्या फोल्डरात कितीही वेळा नाही म्हटलं तरी एकच."

"एकच, हे तुमाला कसं कळलं?" चाचांनी विचारलं.

"जुन्या रिपोर्टांवरून. हा हिरवा चिमटा काढायला मूळ प्रोग्राम विसरायचा. म्हणून कप्पे हातात राहायचे. मी एकवीस रिपोर्ट पाहिले. एका फोल्डरात पाच वेळा नाही म्हटलेलं असलं तरी आकडा एक. तीन फोल्डरांत एकेकदा नाही, तर आकडा तीन. म्हणजे चिमटा फोल्डरामागे लागतो. चार वर्षांपूर्वी त्यात सुधारणा झाली आणि आकडा शून्यावर आला. पण सुधारणाऱ्यानं हिरवा चिमटा फोल्डरामागे काढायला सांगितला नाही. दर ‘नाही’मागे काढायला सांगितला."

बाईंनी हिरवा चिमटा काढला.

"पहिलं नाही. इथवर ठीक. ‘गट’ आणि ‘सेमी’मध्ये नाही एकेकदाच होतं, म्हणून ते वाचले. आता दुसरं नाही. हिरवा उरलेला नाही, तरी आज्ञा आहे की एक काढ." त्यांनी लाल चिमटा काढला. "तपासणाऱ्याचं काम अजून चालू आहे, पण ट्रेवर कुणाचाच चिमटा नाही. सुमैरा, असा ट्रे दिसला की तू काय करतेस?"

"पुसते. दुसऱ्याला देते."

"प्रोग्रामनं तेच केलं. ट्रे मंडपाला दिला. तपासणाऱ्या भागाला त्याचा पत्ताच नाही. शेवटी त्यानं आपल्या ट्रेमध्ये जे होतं ते फायनलच्या जागी लिहून टाकलं. ते होतं मंडपाचं. चाचांनी सगळ्याला हो म्हटलं, म्हणून त्यांच्या हातून शर्यत निघाली. आणि तौसीफनं तुमची पाटी पाळली, म्हणून त्याच्या हातून पंगती निघाल्या."

चाचांनी पाटीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. दिग्विजय माने मात्र अजून साशंक होते. "बाई, दोन चिमट्यांत दोन काढलं, मग तिसऱ्या नाहीला उणे एक नको दिसाय? रिपोर्टात तर शून्य हाय."

"चांगला प्रश्न आहे," बाई म्हणाल्या. "त्याचं उत्तर ज्यानं ती सुधारणा केली त्याच्याकडे असेल. ते सांगायचं काम माझं नव्हे."

त्यांनी चिमटे ट्रेमध्ये ठेवले आणि खाली पाहत राहिल्या.

राजस उठला. उभं राहिल्यावर हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"शून्याच्या खाली गेलं तर शून्यच दाखव, अशी ओळ आहे तिथे," तो म्हणाला. "ती मी लिहिलीय. दोन्ही ओळी मीच लिहिल्यात. कप्पे का राहतात ते मला तेव्हा सापडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काम द्यायचं होतं. म्हणून एक सोडायची ओळ घातली आणि आकडा शून्य आला. तपासायला घेतलेल्या डिस्कमध्ये दर फोल्डरात एकच बिघाड होता. दोन असते तर तेव्हाच कळलं असतं. नंतर दुसऱ्या एका डिस्कवर एकदा उणे एक दिसलाही होता. तो का आला ते बघायच्या ऐवजी मी तो झाकला."

चाचा उठले आणि तौसीफपाशी जाऊन उभे राहिले. त्याच्या खांद्यावर ठेवायला त्यांनी हात उचलला, पण तो तसाच मागे घेतला. "तू समजावून सांगत हुतास," ते म्हणाले. "मी ऐकूनच घेतलं न्हाई, बेटा."

तौसीफ राजसकडे बघत होता. त्यानं शांतपणे विचारलं, "तुमाला कळलं कवा?"

काल रात्री म्हणावं, आज सकाळी म्हणावं, असं राजसच्या मनात येऊन गेलं.

"काल दुपारी," तो म्हणाला. "ताईंनी फोन केला होता तेव्हा मला कळलेलं होतं."

"म्हंजे कालचा दीस तुमी गप बसला."

"हो."

"आनि शनवारी हिला म्हनलासा, उघड हाय."

सुमैरानं मान खाली घातली. राजस पुन्हा हो म्हणाला.

"मग हितं सांगून काय उपेग न्हाई," तौसीफ म्हणाला. "हितली सगळी मला वळखत्यात. तांबडमाळात येऊन सांगा."

संध्याकाळी पाच वाजता ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये कमिटी जमली. पोलिसांत द्यायचा अर्ज टाइप होऊन टेबलावर तयार होता. खुर्च्या भरल्या, खिडक्यांपाशीही माणसं उभी राहिली. राजसनं वाटेत गाडीत सगळं मनाशी जुळवलं होतं, कप्पे, चिमटे, एक घेतलेला आणि तीनदा सोडलेला. विनोदिनीबाई मागच्या रांगेत बसल्या. तुझ्याबरोबर पुढे येऊ का, असं त्यांनी विचारलं नव्हतं आणि त्यानंही म्हटलं नव्हतं.

तो बोलायला लागला. दोन मिनिटांतच हंबीररावांनी हात वर केला. सत्तरीचा माणूस, निकाल त्यांच्याच बाजूचा होता, तरी आवाजात जिंकल्याची मिजास नव्हती.

"आवं पाव्हणं, ते कप्पं राहू द्या. आमाला त्यातलं कळत न्हाई. ह्या पोरानं काय केलंतं, तेवढं सांगा."

जुळवून आणलेलं सगळं राजसच्या हातातून निसटलं.

"त्यानं काही केलं नाही," तो म्हणाला. "त्यानं काम नीट केलं. चूक माझी होती. चार वर्षांपूर्वी मी ती केली आणि झाकून ठेवली. आणि परवा ऐकल्याऐकल्या, काही न तपासता, त्याच्यावर घातली."

खिडकीपाशी कुणीतरी दबकं हसलं. कुणीतरी म्हणालं, शिकल्याली मानसं. दिग्विजय मान्यांनी टेबलावरचा अर्ज उचलला, चार घड्या घालून खिशात कोंबला आणि तौसीफकडे न बघता म्हणाले, "आमचंबी चुकलं, गड्या." राहील शिकलगार उठले, हंबीररावांना हात जोडले आणि निकाल मान्य असल्याचं सांगून बाहेर पडले. भाच्यापाशी क्षणभर थांबले तेवढेच.

माणसं पांगली. राजस पायऱ्या उतरत होता तेव्हा खाली एक बाई उभी होती. डोईवरचा पदर घट्ट धरलेला. ती तौसीफची आई रहिमतबी, हे कुणी सांगायची गरज नव्हती, नाक-डोळे तेच होते. ती काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून तो तिच्यासमोर थांबला.

तिनं त्याला नीट पाहून घेतलं.

"तुमची आय हाय का?" तिनं विचारलं.

"आहे. वाईला असते."

"तिला सांगितलासा?"

"नाही."

"मग सांगा," रहिमतबी म्हणाली. "माझ्या लेकाचं मला मानसांनी येऊन सांगितलं. चार दीस येत हुती. तुमचं तुमीच सांगा."